खडकात मुरलेले दूषण

भूजल बिघडल्याची पहिली खबर बहुधा स्वयंपाकघरातून येते. डाळ शिजेनाशी होते, चहा काळपट दिसू लागतो, हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. या तक्रारी खऱ्याच असतात, पण त्यांच्यामागे सहसा कठीणपणा, क्षार किंवा लोह असते. ज्यांची खरी भीती बाळगायला हवी ती नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक ही द्रव्ये डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला काहीच कळू देत नाहीत. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमने, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाने, पाण्याला पिवळसर झाक येते खरी. मात्र पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि झाक दिसेपर्यंत प्रमाण त्या मर्यादेच्या कित्येक पट झालेले असते. म्हणून तक्रार येण्याची वाट न पाहता ठरलेल्या विहिरींचे पाणी ठरलेल्या वेळी तपासत राहणे, हाच या कामाचा पाया आहे. शुद्धीकरणाची यंत्रे त्यानंतर येतात आणि ती किती उपयोगी पडतील, हेही त्या आधीच्या तपासणीवरच ठरते.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा हा खडक सगळीकडे सारखा नाही. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला पाषाण, मग घट्ट काळा पाषाण, मग वायूच्या पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या खडक आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा बोल. पाणी मुरमात आणि भेगांत साठते. घट्ट पाषाणात ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे वाळूच्या प्रदेशासाठी लिहिलेली पुस्तके इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. वाळूत दूषित पाण्याचा पट्टा उताराच्या दिशेने हळूहळू, बऱ्यापैकी सलग सरकतो. बेसॉल्टमध्ये तो भेगेची वाट धरतो. उताराला तिरपी असलेली एखादी मोठी भेग पाणी भलतीकडेच नेते. कारखान्यालगतची विहीर स्वच्छ आणि त्याच्या पलीकडच्या शिवारातली दूषित, असे दृश्य दिसले तर ते अशक्य म्हणून झटकून टाकता येत नाही.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सुमारे 3,920 निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. प्रदेशाचे चित्र कळायला ही व्यवस्था अमोल आहे. पण एका कारखान्याच्या, कचरा डेपोच्या किंवा पेट्रोल पंपाच्या टाकीच्या आसपास काय चालले आहे, हे तिच्यातून कळणार नाही, आणि तिने ते सांगावे अशी अपेक्षाही चूक आहे. त्यासाठी त्या जागेभोवती वेगळ्या विहिरी घ्याव्या लागतात. निदान तीन ठिकाणी पातळी मोजली, त्या तिन्ही जागांची समुद्रसपाटीपासूनची उंची नीट काढली आणि नकाशावर त्रिकोण जुळवला की पाण्याचा उतार कोणत्या दिशेला आहे ते समजते. उंची काढण्यातच बहुधा हलगर्जी होते. विहिरीच्या कठड्यापासून पाणी 6.40 मीटरवर आहे एवढे लिहून भागत नाही, कठड्याची उंचीही सर्वेक्षणाने पक्की करावी लागते. नाहीतर उतार उलटाच निघतो.

या विहिरींपैकी एक तरी दूषणाच्या वरच्या अंगाला हवी. तिथले पाणी हे त्या जागेचे मूळचे पाणी. ते ठाऊक नसेल तर पुढचे सगळे आकडे अधांतरी राहतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गाळाच्या प्रदेशात, भूजल मुळातच खारे आहे. तिथे एकूण विद्राव्य क्षार जास्त निघाले म्हणून शेजारच्या उद्योगावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. याउलट ‘इथले पाणी पहिल्यापासूनच असे आहे’ हे वाक्य खारपाणपट्ट्याबाहेरही सर्रास ऐकू येते. वरच्या अंगाच्या विहिरीचे आकडे हाताशी असतील तरच त्याला उत्तर देता येते.

निरीक्षणासाठी बोअर घेणे आणि पाण्यासाठी बोअर घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पाण्यासाठी बोअर घेणारा माणूस वरच्या मुरमापुरता केसिंग पाइप घालतो आणि खाली जितक्या भेगा लागतील तितक्या उघड्या ठेवतो, कारण त्याला सगळीकडचे पाणी हवे असते. निरीक्षणाच्या बोअरमध्ये नेमक्या एका थराचे पाणी आत यायला हवे. म्हणून तेवढ्याच खोलीवर जाळीचा पाइप बसवून वरची पोकळी बेंटोनाइट माती आणि सिमेंटने बुजवतात. हे न करता तांबड्या बोलाच्या आरपार बोअर नेले, तर वरच्या थरातले दूषित पाणी त्याच भोकातून खालच्या स्वच्छ थरात उतरते. तपासणीसाठी घेतलेले बोअरच दूषण पसरवू लागते. वाड्या-वस्त्यांवरच्या शेकडो उघड्या, कोरड्या बोअरांमुळे हा धोका आधीच आहे. नवे काम करणाऱ्याने त्यात भर घालू नये.

आता प्रत्यक्ष नमुना घेण्याकडे. कामाचा सगळ्यांत जास्त वेळ यात जातो आणि सगळ्यांत जास्त चुकाही यातच होतात. दिवसाची सुरुवात सगळ्या विहिरींच्या पातळ्या मोजण्यापासून होते. एकाही विहिरीतून पाणी उपसण्याआधी सगळ्या पातळ्या लिहून झाल्या पाहिजेत, कारण एका बोअरवर पंप चालू झाला की शेजारच्याची पातळी हलते. मग क्रम लागतो तो स्वच्छ विहिरीकडून दूषित विहिरीकडे. उलट गेले तर पंपाला आणि नळीला चिकटलेले दूषण पुढच्या नमुन्यात उतरते. आदल्या दिवशी परिसरात कुणाचे पंप चालू होते, वीज रात्रीची होती की दिवसाची, हेही वहीत लिहावे लागते. शेतीला वीज आठवड्याआड रात्री मिळते अशा भागात पातळीवर त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

बोअरमध्ये साचून राहिलेले पाणी खडकातल्या पाण्यासारखे नसते. हवेशी संबंध आल्याने त्यातला प्राणवायू वाढतो, लोखंड खाली बसते, उडून जाणारी द्रव्ये निघून जातात. म्हणून नमुन्याआधी ते उपसून टाकायचे, अशी जुनी पद्धत आहे: बोअरमध्ये जेवढे पाणी आहे त्याच्या तिप्पट काढायचे. सहा इंची बोअरमध्ये 30 मीटर पाणी उभे असेल तर ते साधारण 530 लिटर भरते. तिप्पट म्हणजे जवळपास 1,600 लिटर. हे पाणी दूषित असण्याचा संशय असतो, तेव्हा ते बांधावर सोडून देता येत नाही. टाकीत भरून ठेवावे लागते, प्रक्रियेला न्यावे लागते. त्यामुळे आता मंद उपशाची पद्धत अधिक पसंत केली जाते. पंप जाळीच्या खोलीवर सोडून मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर एवढेच पाणी काढायचे आणि बोअरची पातळी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ द्यायची नाही. दर तीन ते पाच मिनिटांनी सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा मोजत राहायचे. सामू 0.1 च्या आत आणि वाहकता तीन टक्क्यांच्या आत सलग तीनदा स्थिर राहिली की खडकातले पाणी येऊ लागले असे समजून बाटली भरायची. उन्हात एका बोअरपाशी अर्धा-पाऊण तास आकडे स्थिरावण्याची वाट पाहत बसणे कंटाळवाणे असते आणि घाई करण्याचा मोह तिथेच होतो. पण घाईत भरलेल्या बाटलीचा अहवाल कितीही महागड्या यंत्रावर काढला तरी तो साचलेल्या पाण्याचाच अहवाल राहतो.

उघड्या विहिरीचे गणित आणखी वेगळे. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते अडीच लाख लिटर होते. ते उपसून टाकणे शक्य नाही. तिथे पंप काही तास चालू असताना, किंवा पाणी खाली गेल्यावर झरा जिथून दिसतो तिथे, नमुना घेणे हाच मार्ग. दोरीला बादली बांधून वरचे पाणी काढले तर त्यात पाऊस, शेवाळ आणि पालापाचोळा यांचीच हकिकत जास्त असते. पेट्रोलमधले बेंझीन तर उघड्या विहिरीतून हवेत निघून जाते. अशा विहिरीत ते सापडले नाही, एवढ्यावरून खडकातले पाणी स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही.

एकाच विहिरीसाठी चार-पाच वेगळ्या बाटल्या लागतात आणि प्रत्येकीचा नियम निराळा. धातूंसाठीचे पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळून मग त्यात नायट्रिक आम्ल घालायचे. गाळण्याआधी आम्ल घातले तर गढूळ पाण्यातल्या मातीचे कण विरघळतात आणि मातीतले लोह, मँगनीज, क्रोमियम पाण्यातले म्हणून मोजले जाते. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत आम्ल घालायचेच नाही, कारण त्याने ते ट्रायव्हॅलंट होऊन बसते. ती बाटली बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. नायट्रेटची बाटलीही बर्फात, 48 तासांत. बेंझीनसारख्या द्रव्यांची छोटी कुपी काठोकाठ भरायची, उलटी करून टिचकी मारायची आणि एकही बुडबुडा वर येत नाही याची खात्री करायची. शिवाय प्रत्येक फेरीत एक बाटली शुद्ध पाण्याची आणि एका विहिरीची जोडबाटली वेगळ्या नावाने जाते. शुद्ध पाण्यात काही सापडले किंवा जोडबाटल्यांचे आकडे जुळले नाहीत, तर त्या फेरीचे निष्कर्ष बाजूला ठेवायचे. हे करायला धैर्य लागते, कारण फेरीचा खर्च झालेला असतो आणि अहवालाची कुणीतरी वाट पाहत असते.

अहवाल हाती आल्यावर आधी तो आतून जुळतो का ते पाहायचे. धन आणि ऋण आयनांची बेरीज पाच टक्क्यांच्या फरकाने जुळायला हवी. नायट्रेटचा आकडा कशात दिला आहे तेही तपासायचे. पिण्याच्या पाण्यातली 45 मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे. तोच आकडा नायट्रोजन म्हणून लिहिला तर तो सुमारे 10 होतो. एका प्रयोगशाळेचे एक एकक आणि दुसरीचे दुसरे असे मिसळले गेले, तर तीच विहीर एका वर्षी दूषित आणि पुढच्या वर्षी आपोआप शुद्ध झालेली दिसते.

एका फेरीवरून काहीही ठरवू नये. पाऊस पडला की पाणी पातळ होऊन दूषण कमी होईल, असे सहज वाटते आणि कित्येक विहिरींत तसे होतेही. पण मातीत, मुरमात वर अडकून राहिलेले दूषण भूजलाची पातळी चढली की पाण्यात उतरते आणि पावसाळ्यानंतरचे आकडे मे महिन्यापेक्षा जास्त येतात. क्रोमियम किंवा मिठाच्या साठ्यांजवळ हे ठळकपणे दिसते. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर अशा निदान दोन वर्षांच्या फेऱ्या झाल्याशिवाय दूषण वाढते आहे की घटते आहे यावर मत देणे घाईचे ठरते.

सगळे दूषण काढून टाकता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांतले फ्लोराइड खडकातूनच येते. ते 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर दातांवर डाग पडतात आणि प्रमाण बरेच जास्त असेल, ते पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडे जखडतात. तिथे खडक स्वच्छ करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, माणसाच्या हंड्यातले पाणी बदलावे लागते. नागपूरच्या नीरी या संस्थेने 1970 च्या दशकात नळगोंडा पद्धत विकसित केली ती यासाठीच: पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. ती स्वस्त आहे, पण रोज मात्रा मोजून घालणारा माणूस लागतो, पाण्यात उरलेल्या ॲल्युमिनियमवर लक्ष ठेवावे लागते आणि गाळाची सोय करावी लागते. शक्य असेल तिथे दुसऱ्या स्रोताचे पाणी आणणे जास्त टिकाऊ. नायट्रेटही असेच पसरलेले असते: खते, शोषखड्डे, गोठे. युरियाची गोणी आणि गावाचे सांडपाणी यांच्याकडे लक्ष न देता नायट्रेटसाठी यंत्र बसवणे म्हणजे खर्च कायमचा करून घेणे.

एका जागेवरून झालेल्या दूषणाचा उपाय त्या जागेपासून सुरू होतो. गळकी टाकी, अस्तर नसलेला खड्डा, पुरलेला गाळ आधी उचलावा लागतो. तो तसाच ठेवून पाणी कितीही शुद्ध केले तरी नवे दूषण येतच राहते. भोपाळचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. 1984 च्या वायुकांडानंतर युनियन कार्बाइडच्या आवारातला साठवलेला 337 टन कचरा 2025 च्या जानेवारीत पिथमपूरला हलवला गेला आणि त्याच वर्षी जाळून संपवला गेला. पण आवारातली आणि बाष्पीभवन तळ्यांची दूषित माती, त्या मातीतून आसपासच्या वस्त्यांच्या भूजलात उतरलेली रसायने हा वेगळा प्रश्न आहे आणि तो चाळीस वर्षांनंतरही उभाच आहे. तिथे पाण्याची तपासणी अनेकदा झाली. खडक आणि माती साफ करण्याचे काम तपासणीच्या मागे पडत गेले.

उगम बंद झाल्यावर सर्वांत जुना उपाय म्हणजे दूषित पाणी उपसून वर शुद्ध करणे. पहिल्या वर्षी आकडे झपाट्याने उतरतात आणि सगळ्यांना हुरूप येतो. मग आलेख सपाट होतो. महिने जातात, विजेचे बिल येत राहते आणि प्रमाण मर्यादेच्या जरा वरच रेंगाळते. पंप बंद केला की काही महिन्यांत ते पुन्हा चढते. कारण दूषण भेगेतल्या वाहत्या पाण्यातच नसते. ते घट्ट खडकात, मांजऱ्या खडकाच्या बारीक पोकळ्यांत, मातीच्या थरांत शिरलेले असते. लोणच्याची बरणी कितीही विसळली तरी फोडीत मुरलेले मीठ निघत नाही, त्यातला प्रकार. वर्षानुवर्षे आत शिरलेले वर्षानुवर्षेच बाहेर येते. अमेरिकेत 1994 साली राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा 77 ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा फक्त आठ ठिकाणी ठरवलेले उद्दिष्ट गाठले गेले होते. तरीही उपसा निरुपयोगी म्हणता येत नाही. दूषित पट्टा पुढच्या गावाच्या विहिरींपर्यंत पोचू न देणे हे त्याचे खरे काम आहे आणि ते तो चोख करतो. उद्दिष्ट शुद्धीकरण म्हणून लिहिले की अपयश, आणि अडवणूक म्हणून लिहिले की यश, असा हा फरक आहे. अंदाजपत्रक करतानाच तो प्रामाणिकपणे लिहिला तर पुढची कितीतरी निराशा टळते.

दुसरा मार्ग दूषण जमिनीतच निष्प्रभ करण्याचा. क्रोमियमच्या बाबतीत तो चांगला वठतो, कारण हेक्झाव्हॅलंट रूप विषारी आणि पाण्यासोबत धावणारे, तर ट्रायव्हॅलंट रूप कमी विषारी आणि खडकाला धरून बसणारे. अमेरिकेत एलिझाबेथ सिटी इथे 1996 साली लोखंडाच्या कणांची 46 मीटर लांब, 7.3 मीटर खोल भिंत जमिनीत पुरली गेली. दूषित पाणी तिच्यातून आपोआप वाहते आणि पलीकडे क्रोमियमविना बाहेर पडते, पंपाची गरज नाही. कॅलिफोर्नियातल्या हिंकलीत गॅस कंपनीच्या कूलिंग टॉवरच्या पाण्यातले क्रोमियम 1950 आणि 60 च्या दशकांत अस्तर नसलेल्या तळ्यांतून भूजलात उतरले होते. तिथे जमिनीत इथेनॉल सोडून जिवाणूंना खाद्य दिले गेले आणि दूषित पाणी उपसून ठिबकने लसूणघासाच्या शेतांना दिले गेले. मुळांच्या थरातले जिवाणू आणि सेंद्रिय द्रव्य क्रोमियमचे रूप बदलतात. पण इथेनॉलने प्राणवायू संपला की खडकातले मँगनीज, लोह आणि आर्सेनिक विरघळू लागतात, म्हणून तिथे त्यांचीही तपासणी चालू ठेवावी लागली. पेट्रोलसाठी वेगळा विचार लागतो. ते पाण्यावर तरंगते, आधी तो थर उपसून काढायचा, आणि उरलेले बरेचसे जिवाणू हळूहळू खातात. बेसॉल्टमध्ये जमिनीत काहीही सोडताना मात्र ते कोणत्या भेगेत जाईल हे आधी रंगद्रव्य किंवा मीठ सोडून तपासलेले बरे. वाळूतले यश इथे गृहीत धरता येत नाही.

उपसलेल्या पाण्यातले क्रोमियम फेरस सल्फेटने बदलून चुन्याने खाली बसवतात. पाणी स्वच्छ होते, गाळ उरतो. तो गाळ घातक कचरा असतो आणि तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या मान्यताप्राप्त केंद्रावरच गेला पाहिजे. प्रक्रिया केंद्रामागच्या शेतात टाकलेला गाळ म्हणजे पुढच्या दहा वर्षांचे नवे काम. किती पाणी शुद्ध झाले याच्या नोंदीशेजारी किती गाळ कुठे गेला याची नोंद नसेल, तर तो अहवाल अर्धाच समजावा.

या सगळ्याला वर्षे लागतात आणि तोवर लोक त्याच विहिरीवर असतात. नमुना नेणाऱ्याने निकाल परत आणून सांगितलाच पाहिजे. अनेक गावांत माणसे येऊन बाटल्या भरून जातात आणि पुढे काय झाले ते कधीच कळत नाही, ही तक्रार पूर्णपणे रास्त आहे. पाणी पिऊ नये, पण जनावरांना किंवा पिकाला चालेल का, उकळून भागेल का, हे प्रश्न लगेच येतात. उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र वाफ गेल्याने थोडे वाढतातच, हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. संशयित जागेची प्राथमिक पाहणी 90 दिवसांत, सविस्तर पाहणी त्यापुढच्या तीन महिन्यांत आणि दूषण करणाऱ्याची निश्चिती आणखी तीन महिन्यांत, अशी मुदत त्यांत आहे. पाहणीसाठी ती चालेल. खडकाच्या शुद्धीकरणाचे वेळापत्रक मात्र खडकच ठरवतो. काम संपले असे म्हणण्याआधी पंप बंद करून, उपचार थांबवून, निदान दोन पावसाळे त्याच विहिरींवर त्याच पद्धतीने नमुने घ्यावे लागतात. आकडे मर्यादेखाली राहिले की देखरेख विरळ करायची. शेवटी जे बोअर यापुढे लागणार नाहीत ते तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइटने भरून, त्यांची जागा आणि खोली गावाच्या नोंदीत लिहून बंद करायचे.